खोकला नाही, ठसका

मेश्राम मॅडमनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. कॉलेज विचारलं नाही, गावही विचारलं नाही. नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढे डुकरांचा एक लहानसा कत्तलखाना आहे, तिथे मी नवा पशुवैद्य म्हणून रुजू व्हायला गेलो होतो. मॅडम गमबूट घालून नळाखाली सुरी धूत उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग चष्म्याच्या वरून पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "घरी कोनी खोकलते का?"

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा हळू, जसा अडाणी माणसाला विचारतात. मी म्हणालो, कोणी नाही. "बरं," त्या म्हणाल्या, पण विश्वास बसला नव्हता हे चेहऱ्यावरच दिसत होतं. पुढचे काही दिवस मी नुसता घसा साफ केला तरी त्या हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत.

मॅडम सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मांसतपासणीसाठी इथे कंत्राटावर आल्या होत्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा आणि साडीवर पांढरा एप्रन. प्रताप नगरात त्या एकट्याच राहत, मुलगा पुण्याला. संशय घेणं हा त्यांचा स्वभाव होता की नोकरीनं लागलेली सवय, हे मला कधीच कळलं नाही. गॅसचं सिलिंडर आलं की सीलवर बोट फिरवून बघायच्या. भाजीवाल्याकडून वांगं घेतलं तर त्याच्यासमोरच चिरून बघायच्या आणि मग तो वाद अर्धा तास चालायचा. एकदा मुलानं नव्या नंबरावरून फोन केला, तर बोलण्याआधी त्यांनी त्याला लहानपणी घरी असलेल्या कुत्र्याचं नाव विचारलं. त्यानं नाव बरोबर सांगितलं, तरी कुत्रा कोणत्या पायानं लंगडत होता हेही विचारून घेतलं. आमच्याकडची माणसं पाठीमागे त्यांना सीआयडी म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

मी एकदा वैतागून म्हणालो होतो की मॅडम, माणसाच्या मनात संशय येतो तेव्हा येतो, तुम्ही उठल्यासुटल्या घेत बसता. त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर पुढे मी शंभरदा ऐकलं. "येनारा संशय काही कामाचा नसते गा. तो आला तोवर काम बिघडून राहते. संशय घ्या लागते."

त्यांचं खरं काम डोक्यांवर चाले. डुकराच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना बोराएवढ्या गाठी असतात. क्षयरोगाचे जंतू डुकराच्या अंगात बहुतेक वेळा तोंडावाटे, खाण्यातून जातात, म्हणून ते आधी या गाठींत अडकतात. जनावर वरून धडधाकट दिसतं, पोटभर खातं, वजन धरतं, खोकतही नाही. सगळं कळतं ते कापल्यावर, आणि तेही कोणी ती गाठ उघडून बघितली तर. मॅडम प्रत्येक डोक्याच्या दोन्ही गाठी उघडत. मॅनेजर घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घाली आणि म्हणे की एका बाजूची बघितली तरी भागतं. मॅडम म्हणत, "तुम्ही लग्नाले पोरगी पाहाले गेले होते तं एकाच डोळ्यानं पाह्यली होती का?" मॅनेजर पुन्हा घड्याळाकडे वळे.

त्यांच्याकडे दोन सुऱ्या असत. काळ्या मुठीची रोजची, आणि लाल मुठीची फक्त संशयितांसाठी. लाल सुरी वापरली की ती उकळत्या पाण्यात जाई आणि तोवर टांगलेल्या डुकरांची सगळी ओळ थांबे. त्यामुळे मॅडमचा हात लाल मुठीकडे गेला की शेडमधली माणसं एकमेकांकडे बघत सुस्कारा टाकत.

किसनभाऊच्या जनावरांच्या दिवशी तसंच झालं. किसनभाऊ बेस्याच्या पलीकडे, जिथे नवे फ्लॅट संपून वावरं सुरू होतात, तिथे डुकरं पाळायचा. हॉटेलांचं आणि कंपन्यांच्या कॅन्टीनचं उरलंसुरलं अन्न आणून तो ती पोसायचा. जनावरं छान होती. मॅडमनी एका डोक्याची गाठ कापली आणि थांबल्या. मला हाक मारली. "ऐक," म्हणाल्या, आणि दुसऱ्या बाजूची गाठ कापली. सुरी बारीक करकरली, भाजीत वाळू राहिली की दाताखाली येते तशी. चांगली गाठ आतून गुलाबी आणि ओलसर असते. ही पिवळट पांढरी होती, कोरडी, आणि सुरीच्या टोकानं तिचा चुरा पडत होता.

लाल सुरी बाहेर आली. किसनभाऊच्या आणखी एका जनावरात तेच निघालं. डोकी बाद झाली, धडं बाजूला रोखून ठेवली गेली, गाठींचे तुकडे बाटल्यांत घालून प्रयोगशाळेत पाठवायला ठेवले. किसनभाऊ तणतणत आला. जनावरं ठणठणीत होती, त्याचं म्हणणं. मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त त्यांचा तो प्रश्न विचारला.

"कोनी नाही खोकलत, मॅडम," किसनभाऊ म्हणाला. "पोरीच्या लेकराची आन."

लेकराची आन ऐकून मॅडमचा संशय दुप्पट झाला. कोणतं लेकरू, म्हणून त्यांनी विचारलं. त्याची पोरगी पूजा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिची लहानगी आता रांगायला लागली होती. मॅडमनी चष्मा काढून पुसला. हे त्या क्वचितच करत.

त्यानंतर शेडमध्ये कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणे, किसननं मागे मॅडमना उलट उत्तर दिलं होतं, त्याचा डूख धरला. मॅनेजरला वाटे, मॅडम दुसऱ्या कत्तलखान्याला सामील असाव्यात, त्यांना आमचे पुरवठादार तोडायचेत. मला तसं काही वाटत नव्हतं, पण इतकं वाटत होतं की प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत गप्प बसावं. डुकराच्या गाठीत असा चुरा दुसऱ्या जंतूंनीही होतो. कोंबड्यांच्या विष्ठेतून होतो, लाकडाच्या भुशातून होतो. हे मी मॅडमना पुस्तक उघडल्यासारखं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की कोंबड्या त्याच्याकडे नाहीत, भुसा तो घालत नाही, आणि ज्या हॉटेलांतून तो अन्न आणतो तिथूनच आणखी तिघं आणतात, त्यांच्या जनावरांच्या गाठी आपण दोघांनीच कापल्या आहेत, सगळ्या साफ. "मंग काय राह्यलं?" त्यांनी विचारलं. राहिलं होतं ते किसनभाऊचं घर, आणि त्यात कोणी खोकणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या. संपूर्ण रस्ताभर त्या माझ्या खांद्यावरून स्पीडोमीटरचा काटा बघत होत्या.

घर नेटकं होतं. बाहेर निळा ड्रम, त्यात उरलंसुरलं अन्न. पलीकडे डुकरांची शेड. ड्रमशेजारी पोत्यावर बसलेला एक म्हातारा. हे किसनभाऊचे वडील, सगळे त्यांना आबाजी म्हणत. अन्नातून प्लॅस्टिक आणि दात कोरायच्या काड्या वेचून काढायचं काम त्यांचं. गालात खर्रा, तंबाखू-सुपारी घोटून केलेला. मॅडमनी आल्याआल्या किसनभाऊला विचारलं की अन्न उकळून देतोस का. तो म्हणाला, रोज उकळतो. मॅडम चुलीपाशी गेल्या आणि वाकल्या. चुलीच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. त्यांनी ते बोटानं तोडलं नाही, नुसतं त्याला दाखवलं. किसनभाऊ जमिनीकडे बघू लागला.

मग त्यांनी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं. किसनभाऊची बायको इंदूबाई म्हणाली, नाही जी. पूजा म्हणाली, नाही. आबाजींनी हात हलवून नाही म्हटलं. आणि खरं सांगायचं तर ते खोटं बोलत आहेत असं मला तरी वाटलं नाही. चुलीबद्दल बोलताना किसनभाऊ कसा दिसत होता हे मी पाहिलं होतं. आता तसा कोणीच दिसत नव्हता. मॅडमही पहिल्यांदाच गोंधळल्या होत्या. चहा आला. त्यांनी तो वास घेऊन प्यायला.

आम्ही निघायच्या बेतात असताना बाहेरून एक लांबलचक उबळ ऐकू आली, कोरडी, मग ओली, मग धाप. मॅडमचा कप बशीत खाली आला.

"हे कोन होय वं?" त्यांनी इंदूबाईला विचारलं.

"काही नाही जी. आबाजीचा ठसका होय. खर्रा लागते त्याहिले."

"तू तं म्हने, कोनी खोकलत नाही."

"खोकला नाही जी हा." इंदूबाईला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "खोकला वेगळा. हा खर्ऱ्याचा ठसका आहे. पूजाच्या लग्नाच्या आंधीपासूनच लागून राह्यला."

मॅडमनी कप बाजूला सारला. इतकी वर्षं ज्या एका प्रश्नावर त्यांचा भरवसा होता, तो एका शब्दावरून वाया गेला होता. आमच्या नागपुरात खर्रा खाणाऱ्याला खोकला होतच नाही. त्याला ठसका लागतो. माणूस वाळत जातो, सदरा अंगावर सैल होतो, संध्याकाळी कणकण येते, आणि घर म्हणतं, खर्रा सोडा म्हणावं तर ऐकत नाहीत. हे मलाही ठाऊक होतं. माझ्या काकांना असाच ठसका लागायचा आणि आम्ही त्यांना पाणी देत असू.

आम्ही बाहेर आलो. आबाजी ड्रमच्या काठावर हात टेकवून उभे होते. आमच्या देखत ते वाकले आणि ड्रममध्ये थुंकले. मॅडमनी विचारलं, आबाजी, इथं काहून थुंकता? म्हातारा ओशाळला. म्हणाला की आधी अंगणात थुंकत होतो, पण नात, पूजा, म्हणाली लेकरू रांगते, अंगणात थुंकू नका. म्हणून इकडे थुंकतो. डुकराले काय फरक पडते, बाई?

ते असं सांगत होते तोवर ती लहानगी रांगत त्यांच्यापाशी आली आणि पायाला धरून उभी राहिली. आबाजी पोत्यावर बसले, तिला उचललं, मांडीवर घेतलं. ती तिची रोजची जागा होती हे दिसतच होतं. तिनं डोकं त्यांच्या छातीला टेकवलं आणि अंगठा तोंडात घातला. मला तेव्हा जी भीती वाटली ती अजून आठवते. मघापर्यंत प्रश्न डुकरांच्या दोन डोक्यांचा होता.

मॅडमनी किसनभाऊला शेडमागे नेलं. टीबी हा शब्द निघाला तसा तो चवताळला. मॅडम आता त्याच्या पोरीचा संसार मोडायला आल्या, गावभर सांगणार, सासरचे तिला न्यायला येणार नाहीत, हे सगळं मुद्दाम चाललंय, असं तो बोलत सुटला. मॅडमनी त्याला बोलू दिलं. तो दमल्यावर त्या बोलल्या, आवाज न चढवता.

"किसन, डुकराचं डोकं मी रोखलं. मानसाले रोखाचा अधिकार मले नाही, तो तुले आहे. पोरीले सासरचे नेतीन का नाही, मले ठाऊक नाही. पन लेकरू कोनाच्या मांडीवर झोपते, ते मी आत्ता पाह्यलं. आता तूही पाह्यलं."

तो म्हणाला, तुम्ही निघा. आम्ही निघालो. मॅडमनी निघताना इंदूबाईला इतकंच सांगितलं की उद्या सकाळी मी सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी उभी आहे.

मला खात्री होती, कोणी येणार नाही. मॅडमनाही तीच खात्री होती, तरी सकाळी त्या फाटकाशी उभ्या होत्या आणि आत येणारा प्रत्येक ऑटो वाकून बघत होत्या. बऱ्याच वेळानं एका ऑटोतून इंदूबाई उतरली, मागून आबाजी. किसनभाऊला सांगितलं नव्हतं. आबाजींनी नवं धोतर नेसलं होतं. मॅडमनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "खर्रा टाकून आले नं?" त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

तपासणीत आबाजींचा क्षयरोग निघाला, आणि बराच पुढे गेलेला. त्याच दिवशी औषधं सुरू झाली. लहानगीची तपासणी झाली, तिला रोग लागलेला नव्हता, पण लागू नये म्हणून डॉक्टरांनी तिलाही औषध दिलं. इंदूबाई हे सांगायला कत्तलखान्यात आली तेव्हा मॅडम डोकी तपासत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढची गाठ कापली. मग काळी सुरी खाली ठेवून बाहेर नळापाशी गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. मी जवळ गेलो नाही.

काही आठवड्यांनी प्रयोगशाळेचा निकाल आला. डुकरांच्या गाठींतला जंतू माणसांना होणाऱ्या क्षयरोगाचाच होता. मॅडमना आनंद झाला असेल असं वाटून मी तो निकाल घेऊन धावत गेलो. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "बाटल्या बदलल्या तं नसन ना?"

पूजा वेळेवर सासरी गेली. कोणी काही बोललं नाही. आबाजी बरे झाले, अंगावर मांस चढलं. खर्रा काही त्यांनी सोडला नाही, ठसका मात्र सुटला. किसनभाऊ चुलीवर अन्न उकळू लागला, पण मॅडमशी बोलायचा नाही. जनावरं आणायचा, मान फिरवून उभा राहायचा. मॅडमही त्याच्या जनावरांच्या गाठी दुसऱ्यांपेक्षा जास्त वेळ बघायच्या. मी एकदा म्हटलं, आता तरी सोडा. त्या म्हणाल्या, "चूल पेटली का नाही, हे किसनले विचारून काय फायदा? डुकराले विचारा लागते."

बदल झाला तो त्यांच्या प्रश्नात. पूर्वी तो एका वाक्याचा होता, आता लांबत गेला. घरी कोनी खोकलते का? ठसका लागते का? घसा खाकरते का? खर्रा कोन खाते? कोनाचा सदरा सैल झाला का? नवा माणूस कामाला आला की तो या मुलाखतीनं अर्धमेला व्हायचा. दरवेळी कुठून तरी नवा शब्द ऐकून त्या प्रश्नात घालत. भंडाऱ्याकडचा एक जण म्हणाला, आमच्याकडे ढास म्हणतात, तर दुसऱ्या दिवसापासून ढासही आली. आम्ही त्यांची नक्कल करायचो. मी फार चांगली करायचो.

गेल्या हिवाळ्यात मेश्राम मॅडम गेल्या. हृदयविकाराचा झटका, सकाळी, प्रताप नगरच्या घरी, दूधवाल्याशी दुधात पाणी असल्यावरून बोलता बोलता. त्याआधी कधी छातीत दुखल्याची तक्रार त्यांनी केली नव्हती. मला या बाईचा कितीदा राग आला असेल त्याला गणती नाही. पण त्यांच्या जाण्यानंतर पहिल्यांदा एकट्यानं ओळीवर उभा राहिलो तेव्हा मला गाठ सापडेना. डोळे भरले होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या घरीच झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, मॅडमचा फोटो. फोटोतही त्या चष्म्याच्या वरून बघत होत्या. कत्तलखान्यातले आम्ही सगळे एका बाजूला सतरंजीवर बसलो होतो. मॅनेजरही आला होता. सगळ्यात मागे, दाराजवळ, किसनभाऊ आणि इंदूबाई बसले होते. पूजा आली होती आणि तिची मुलगी, आता चांगली मोठी झालेली, चपलांपाशी एकटीच खेळत होती.

त्रिशरण, पंचशील झालं. शांतता पसरली, आणि त्या शांततेत मागे कोणीतरी खोकलं.

आम्ही कत्तलखान्यातले सगळेच्या सगळे एकदम मागे वळलो. बाकीच्यांना काय झालं ते कळेना. किसनभाऊ तोंडावर रुमाल धरून बसला होता. आमच्या इतक्या नजरा एकदम आल्या तसा तो अवघडला. गालात खर्रा होताच. मी उठून त्याच्याजवळ गेलो, खाली बसलो. मॅडमची नक्कल करायचा माझा मुळीच इरादा नव्हता, पण आवाज तसाच निघाला.

"ठसका लागला का गा, किसनभाऊ?"

त्याला हो म्हणणं फार सोपं होतं. रुमाल त्यानं घडी करून खिशात ठेवला. त्यानं एकदा चपलांपाशी खेळणाऱ्या नातीकडे पाहिलं आणि मग पलीकडच्या फोटोकडे.

"नाही गा, डॉक्टर," तो म्हणाला. "खोकला होय. दिवाळीपासून आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मोटरसायकलवर बसवून त्याच सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकीची डबी घेऊन तो झाडाखाली, बाजूला गेला. आला तेव्हा डबी त्यानं माझ्याकडे दिली. मी झाकण घट्ट लागलंय का बघितलं आणि नमुना द्यायच्या खिडकीकडे निघालो. खिडकीशी पोहोचल्यावर थांबलो आणि झाकण पुन्हा एकदा बघितलं.